मतपत्रिकेवरचा श्री

गुरुदत्तराव हातात कागद आला की आधी वर मधोमध श्री काढत, मग पुढचं बोलत. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस तो. मेलबर्नला लेकीकडे येऊन नऊ वर्षं झाली, मधल्या काळात ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्वही मिळालं, पण श्री काही सुटला नाही. वाण्याच्या यादीवर श्री, नातीच्या शाळेतून आलेल्या सहलीच्या चिठ्ठीवर श्री. कोविडच्या पहिल्या वर्षात दुकानात शिरताना फोनवरून चेक-इन करावं लागे आणि ज्यांना फोन जमत नसे त्यांच्यासाठी दाराशी वही ठेवलेली असे. क्रेगीबर्न या त्यांच्या उपनगरातल्या इंडियन ग्रोसरीच्या त्या वहीच्या पानापानावर यांचा श्री होता. घरी टेस्ट करायच्या किटच्या खोक्यावरसुद्धा त्यांनी तारखेच्या वर तो काढून ठेवला होता.

त्या श्रीची घडणही अशी की हजारांत ओळखू यावा. वेलांटी छत्रीच्या दांड्यासारखी लांब वळलेली, खाली दोन आडव्या रेघा आणि रेघांखाली एक टिंब. त्यांच्या लेकीने, मंजिरीने, पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं ते हेच.

"आजोबा, इट्स जस्ट अ शॉपिंग लिस्ट," स्वरदा म्हणे. ती पंधरा वर्षांची, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"यादी असली म्हणून काय झालं? कागद आहे ना?"

मंजिरीला बाबांच्या या खोडीचं हसू यायचं. बाबांच्या बहुतेक सगळ्याच गोष्टींचं तिला हसू यायचं, कारण आई गेल्यावर हा माणूस एकटा पडू नये म्हणून तिने त्यांना इकडे आणलं होतं. आपण ते वेळेत केलं याचं समाधान तिला रोज सकाळी नव्याने व्हायचं. तेव्हा पालकांच्या व्हिसाची रांग आखूड होती. बाबा आले, खालच्या मजल्यावरची बाथरूम असलेली खोली त्यांची झाली, मागच्या अंगणात त्यांनी लिंबाचं झाड लावलं.

अवधूतचं नशीब एवढं सरळ नव्हतं. मंजिरीचा हा नवरा; त्याचे आईवडील सांगलीत होते. एकवीस सालच्या मे महिन्यात आईला कोविड झाला. तेव्हा देशाबाहेर पडायलाही परवानगी लागत होती. अवधूतने अर्ज केला, कागद जोडले, पुन्हा जोडले. परवानगी आली ती आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. आईला त्याने शेवटचं पाहिलं ते फोनवर, आणि तो फोनही कुणीतरी उलटा धरला होता. मग एकट्या पडलेल्या वडिलांना, अण्णांना, इकडे आणावं म्हणून तो नियम वाचायला बसला, तेव्हा कळलं की 'इमिजिएट फॅमिली'त बायको बसते, मुलं बसतात, आईवडील बसत नाहीत.

"मग ते कोण?" त्याने लॅपटॉपलाच विचारलं होतं. "शेजारी?"

पुढे तो नियम बदलला, विमानं सुरू झाली, लोकांनी भराभर तिकिटं काढली आणि मागचं मागे टाकलं. अवधूतला ते टाकता येईना. अण्णांना कायमचं आणायचं तर आता रांग एवढी लांब होती की अण्णांना शंभरी गाठावी लागली असती. बावीसच्या मे महिन्याची निवडणूक लागली आणि एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा हा माणूस म्हणाला, "मी सिनेटला उभा राहतोय."

गुरुदत्तरावांनी चष्मा काढला. "सिनेट म्हणजे आपली राज्यसभा ना? तिथे लोकांचं काय काम? आपल्याकडे आमदार बघून घेतात आपापसात."

"तेच तर, बाबा. इथे नाही तसं. इथे वरच्या सभागृहातली माणसंही थेट लोक निवडतात. कुणा आमदाराच्या दारात ताटकळायला नको. सरळ लोकांना विचारायचं, आईवडील कुटुंबात धरायचे की नाही."

"आणि लोक सांगतील?"

"सांगतील ना. प्रत्येकाला कुणीतरी आहे तिकडे."

अपक्ष उमेदवाराला शंभर मतदारांच्या सह्या लागतात. अवधूतने त्या तीन आठवड्यांत जमवल्या, त्यातल्या त्रेपन्न एकट्या क्रेगीबर्नच्या. माणसं चहा पाजत होती, डोळ्यांत पाणी आणत होती, आपापल्या आईबापांचे फोटो दाखवत होती. पहिली सही अर्थात गुरुदत्तरावांची, आणि फॉर्मच्या वर तो श्री. अवधूतने तो तसाच राहू दिला. "राहू दे," तो म्हणाला, "आशीर्वाद आहे."

निवडून येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, एवढा काही तो खुळा नव्हता. त्याला हवी होती शंभर मतं. ज्या शंभरांनी सही केली त्या शंभरांनी पडद्याआड गेल्यावरही तेच म्हणावं आणि सरकारी आकड्यात ते उमटावं, बस. "नुसती शंभर," तो मंजिरीला म्हणाला, "म्हणजे मी आईला सांगू शकेन."

मंजिरी पॅथॉलॉजीत काम करत होती. दोन वर्षं ती गाड्यांच्या खिडक्यांतून लोकांच्या नाकात काड्या घालत आली होती आणि माणसं समोर एक बोलतात नि नाक वेगळंच सांगतं हे तिला पुरतं माहीत होतं. तरी तिनेही ही शंभरी मनाला लावून घेतली.

त्या दिवसांत दोन बारीक गोष्टी घडल्या होत्या. जेवताना अवधूत म्हणाला होता, "अण्णा आले की खालच्या खोलीत दुसरा पलंग टाकू. बाबांना सोबत होईल." बाबांनी ताकाची वाटी तेवढी बाजूला सरकवली होती. दुसरी गोष्ट पत्रकाची. लेटरबॉक्समध्ये एका नव्या पक्षाचं पत्रक आलं. चिन्ह कुंपणाचं, म्हणून घरात त्याचं नाव पडलं कुंपणवाले. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'परदेशातून म्हातारे आणणं बंद करा. इथली घरं आधीच भरली आहेत.' अवधूतने ते चुरगाळून टाकलं. संध्याकाळी मंजिरीला ते बाबांच्या टेबलावर दिसलं, हाताने नीट सपाट केलेलं, शेजारी भिंग.

"हे काय वाचताय, बाबा?"

"शत्रुपक्ष काय म्हणतो ते कळायला नको?"

ती हसली. बाबांचं तिला हसूच यायचं.

मतदान शनिवारी होतं आणि बुधवारी अवधूत पॉझिटिव्ह आला. उमेदवार वरच्या खोलीत सात दिवस कोंडलेला. त्याने स्वतःचं मत फोनवरून दिलं. पलीकडच्या अनोळखी बाईला आकडे एकेक करून सांगायचे होते, आणि पहिल्या आकड्यापुढे आपलंच नाव घेताना त्याला इतकं लाजल्यासारखं झालं की बाईंनी दोनदा विचारलं.

शाळेच्या हॉलमध्ये मंजिरी बाबांना घेऊन गेली. सिनेटची मतपत्रिका म्हणजे टेबलावर अंथरायचा कपडाच. आडवी जाड रेघ. रेघेच्या वर पक्षांचे चौकोन, तिथे एक ते सहा आकडे घातले की सुटका. अवधूतसारख्या अपक्षाला वर चौकोनच नव्हता. त्याचं नाव खाली, उजव्या टोकाच्या शेवटच्या रांगेत. त्याला मत द्यायचं तर रेघेखाली एक ते बारा आकडे घालायचे. ती तालीम गुरुदत्तरावांनी घरी चार वेळा केली होती. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ते बराच वेळ उभे होते. पेन्सिल ठेवल्यावर त्यांनी हात जोडलेले मंजिरीने लांबून पाहिले आणि तिचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर ते जिन्याखालूनच ओरडले, "अवधूतराव, केलं हो मत! वर श्री काढला आणि मग आकडे!"

बंद दारातून अवधूतचं हसणं आणि खोकणं एकदमच ऐकू आलं. मंजिरीने मात्र त्यांना जिन्यापाशीच अडवलं. "बाबा, मतपत्रिकेवर असं काही लिहायचं नसतं. कुणाचं मत ते ओळखू आलं तर बाद करतात."

"इथे कोण ओळखतंय माझा श्री?" बाबा म्हणाले आणि लिंबाला पाणी घालायला गेले.

उमेदवाराला स्वतः मोजणीला जाता येत नाही, तो आपल्या वतीने माणूस पाठवतो. त्या माणसाला स्क्रूटिनीअर म्हणतात. कागदाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि शंका असेल तर बोलायचं. अवधूतची स्क्रूटिनीअर मंजिरी. पुढच्या गुरुवारी सकाळी ती मोजणीच्या गोडाऊनमध्ये आपल्या शाळेच्या गठ्ठ्यापाशी मास्क लावून उभी राहिली. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, चष्म्यावर वाफ. क्रेगीबर्नचे सही करणारे सगळे याच शाळेत मत देऊन गेले होते.

माणसं घडी घातलेले कागद उलगडत होती आणि ढिगांत टाकत होती. रेघेखालच्यांचा ढीग वेगळा, आणि त्यात शेवटच्या रांगेत एक असलेले कागद आणखी वेगळे. तासाभराने त्या कोपऱ्यात चार कागद होते. दोन तासांनी सात. मंजिरीने मोजायचं थांबवून पाहिलं, पुन्हा मोजलं. त्रेपन्न सह्यांमधल्या एकेकाचा चेहरा तिला आठवत होता. कुणी ढोकळा केला होता, कुणी "वहिनी, हे आमचंच काम आहे" म्हणालं होतं. तिला शिसारी आली.

तेवढ्यात पलीकडचा एक तरुण कागद अर्धवट उघडून थांबला. वरची कड तेवढी दिसत होती. कडेवर मधोमध छत्रीच्या दांड्यासारखी वेलांटी, दोन रेघा, एक टिंब.

"डेब, यावर काहीतरी लिहिलंय," तो म्हणाला.

डेब ही तिथली सुपरवायझर, साठीची, शांत बाई. तिने कागद तसाच हातात धरून मंजिरीकडे पाहिलं. "तुमची भाषा आहे का ही? नाव आहे कुणाचं?"

"नाही, नाही," मंजिरी घाईने म्हणाली. आठवडाभर तिने याचीच धास्ती घेतली होती, उत्तर तयारच होतं. "नाव नाहीये. शुभ चिन्ह आहे. आमच्यातली जुनी माणसं कुठल्याही कागदावर लिहितात. वाण्याच्या यादीवरपण."

"म्हणजे यावरून माणूस ओळखता येणार नाही?"

"नाही."

"तुम्हालाही नाही?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण सातांची आठ होणार होती, आणि ते आठवं बाबांचं होतं. "हजारो लोक लिहितात हो," ती म्हणाली. "या एवढ्याशा सबर्बमध्ये शंभर जण सापडतील. एका म्हाताऱ्या माणसाचं मत केवळ देवाचं नाव घेतलं म्हणून बाद करू नका."

दुसऱ्या पक्षाचा एक स्क्रूटिनीअर काहीतरी पुटपुटला. मंजिरी त्याच्याशीही वाद घालायला तयार होती. डेबने त्याचं ऐकलं, कागद दिव्याकडे धरला, विचार केला. "ठीक आहे. ग्राह्य धरते." आणि कागद टेबलावर पूर्ण उलगडला.

रेघेखालचा सगळा भाग कोरा होता. रेघेच्या वर, कुंपणाच्या चिन्हाच्या चौकोनात, हेडक्लार्कच्या स्वच्छ वळणात एकचा आकडा. पुढे दोन, तीन, चार, पाच, सहा, कुठेही खाडाखोड नाही.

तरुणाने तो उचलून कुंपणवाल्यांच्या ढिगावर ठेवला.

तोंड उघडलं असतं तर अजूनही चाललं असतं. मी चुकले, मला हा माणूस माहीत आहे, माझा बाप आहे, एवढंच म्हणायचं होतं, की ते मत बाद. मंजिरीने तोंड उघडलंही. डेब म्हणाली, "आर यू ऑलराइट, लव्ह?" मंजिरी म्हणाली, "हो. मास्कमुळे जरा." आणि ढिगावर आणखी कागद पडत गेले, त्याखाली तो श्री दिसेनासा झाला.

शेवटी कोपऱ्यात नऊ कागद होते. त्यातला एक तिचा स्वतःचा.

त्याच संध्याकाळी अवधूत सात दिवसांनी खाली जेवायला आला. मंजिरीने मुगाची खिचडी केली होती. तिने आकडा सांगितला आणि तो पापड मोडत बसला.

"त्रेपन्न सह्या होत्या गं."

"हो."

"सह्या करताना रडली होती माणसं."

"हो."

"पीपल आर फेक, डॅड," स्वरदा म्हणाली.

गुरुदत्तराव म्हणाले, "जाऊ द्या, अवधूतराव. लोक असेच. पुढच्या वेळी बघू." त्यांनी खिचडीवर तूप वाढून घेतलं. मंजिरी त्यांच्या हाताकडे बघत होती. हात नेहमीसारखाच स्थिर होता, आणि तिला त्या स्थिरपणाचा मनस्वी राग आला.

एकाएकी अवधूतने मान वर केली. "अगं, बाबांचा श्री! दिसला का तुला?"

तुपाचा चमचा वाटीच्या काठावर थांबला.

"दिसला," मंजिरी म्हणाली.

"बाद नाही ना केला?"

"करत होते. मी भांडले. धरला शेवटी."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर कागद हाताळलेल्या माणसाला आपला कागद कुणी पाहिला हे कळायला अर्धा क्षण पुरला. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं तिने पाहिलं, आणि तिने नजर काढली नाही.

अवधूतला यातलं काही दिसलं नाही. "म्हणजे नऊतलं एक बाबांचं," तो म्हणाला आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. "बाहेरचे गेले खड्ड्यात. घरातलं माणूस तर उभं राहिलं!" आणि थांब म्हणेपर्यंत त्याने सांगलीला व्हिडिओ लावलासुद्धा.

अण्णांकडे दुपार होती. मागे स्वयंपाकघराची एकट्या माणसाची कळा, ओट्यावर एकच ताट पालथं. अवधूतने भराभर सगळं सांगितलं, श्रीची गोष्ट, मंजिरी भांडली ती गोष्ट, आणि फोन गुरुदत्तरावांसमोर धरला.

"व्याहीबुवा," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "तुमचे उपकार आहेत. इकडे घर खायला उठतं, पण एक विचार करून झोप लागते. पोराला तिकडे बापाच्या जागी तुम्ही आहात. माझं यायचं जमलं नाही तरी चालेल आता."

"अहो, त्यात काय एवढं," गुरुदत्तराव म्हणाले. त्यांनीही हात जोडले. जोडावेच लागले, फोन समोर होता. "या ना तुम्ही. याच."

मंजिरी ताटं उचलून सिंकपाशी गेली आणि नळ पूर्ण सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येणार नाही. आत्ता सांगून टाकावं असं तिला वाटलं. मग अवधूत उद्यापासून या घरात कुणाबरोबर जेवणार होता? बाहेरचे त्रेचाळीस त्याने पचवले असते, हा घरातला चव्वेचाळिसावा त्याला पचला नसता. म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहण्याची किंमत आपल्या एकटीच्या माथी का, म्हणून मनातल्या मनात जळत राहिली.

अवधूत नि स्वरदा वर गेल्यावर बाबा ओट्यापाशी आले. आपली वाटी त्यांनी स्वतः विसळली.

"मंजू, सगळे कागद उघडून बघतात?"

"एकेक, बाबा."

ते पुसलेली वाटी पुन्हा पुसत राहिले. "त्या खोलीत दोन पलंग बसत नाहीत. मी टेप लावून मोजलं होतं. कपाटाचं दार उघडत नाही मग."

त्यांनी माफी मागितली असती, तर तिने कदाचित दिलीही असती. ते कपाटाच्या दाराबद्दल बोलत होते.

"मीपण मोजलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला आणायच्या आधी. तेव्हा ती खोली अवधूतच्या ऑफिसची होती. त्याने टेप मागितली नाही. टेबल उचललं आणि वर नेलं."

बाबांनी वाटी जागेवर ठेवली आणि खोलीचं दार हळूच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, बाजाराचा दिवस. फ्रिजवर चुंबकाखाली बाबांची यादी नेहमीसारखी लावलेली होती, त्याच स्वच्छ वळणात. मंजिरीने ती काढून घेतली, गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि दारातच थांबून पुन्हा वाचली. कागदाचा वरचा भाग कोरा होता. पहिल्या ओळीत थेट दूध होतं.